चार वर्षांत हात तयार होतो, पण सही?

पुण्यात लोहगावच्या हवाई तळाजवळ धानोरीत राहणाऱ्याला सुखोई लढाऊ विमानाचा आवाज कसा असतो ते सांगावं लागत नाही. फोनवर असलो की 'थांब जरा, विमान जाऊदे' म्हणायचं, समोरचा पुण्याचा असला तर तोही गप्प थांबतो, बाहेरचा असला तर हॅलो हॅलो करत बसतो. आमच्या गच्चीवरून विमान वळताना दिसतं त्यामुळे सोसायटीतली सगळी पोरं कधी ना कधी पायलट होणार होती, माझा भाचा पण. आता तो एकोणीसचा झालाय, मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे, आणि पायलटचं खूळ जाऊन आता अग्निवीरवायूचा, म्हणजे अग्निपथ योजनेतल्या हवाई दलाच्या चार वर्षांच्या भरतीचा, फॉर्म भरायचं काढलंय. म्हणतो, मामा, चालवणाऱ्यांना चालवूदेत, मला ते विमान उघडून बघायचंय.

घरात लगेच दोन पार्ट्या. भाऊजी म्हणतात पहिल्या वर्षी तीस हजार पगार, त्यातले नऊ हजार कापून एकवीस हातात, चौथ्या वर्षी चाळीस हजार, राहणं-खाणं फुकट आणि बाहेर पडताना सव्वाअकरा-साडेअकरा लाखांच्या पुढे सेवा निधी, विसाव्या वर्षी कुठल्या पोराला एवढे मिळतात? ताई म्हणते पैशाचं सोड, तेविसाव्या वर्षी परत घरी येऊन बसला तर काय? शंभरातले पंचवीसच ठेवणार आहेत ना? दोघांचंही बरोबर आहे आणि तरी मला वाटतं दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडतायत. अग्निपथवर २०२२ पासून आपण सगळेच असंच भांडतोय, एकजण देशभक्ती काढतो, दुसरा पेन्शन. बंदूक घेऊन उभं राहणारा जवान आणि विमानाच्या पोटात हात घालणारा टेक्निशियन यांना आपण एकाच तागडीत तोलतोय हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात, हवाई दलातून सार्जंट म्हणून रिटायर झालेले, इंजिन फिटर. बेळगावला सांबऱ्याला बेसिक, मग तांबरमला ट्रेड ट्रेनिंग, मग वीस वर्षं वेगवेगळ्या बेसवर. भाच्याला मी त्यांच्याकडे पाठवलं, मला वाटलं चार युक्तीच्या गोष्टी सांगतील. त्यांनी सांगितलं काहीच नाही. जेवणाच्या टेबलावर एक लाकडी फळी ठेवली, तिच्यात दोन बोल्ट बसवलेले, डोक्याला आरपार बारीक भोक पाडलेले, आणि हातात स्टेनलेसची तार दिली. लॉकवायर कर म्हणाले.

दिसायला काम पोरकट आहे. दोन बोल्टांच्या भोकांतून तार ओवायची, मध्ये पीळ घालायचा, टोक मुडपून आत वळवायचं. पण तार अशी बसली पाहिजे की एक बोल्ट ढिला व्हायला लागला तर तारेचा ओढा दुसऱ्या बोल्टला आवळणाऱ्या दिशेने जाईल. उलट बसली तर ती तार नुसती शोभेची, किंबहुना वाईटच, कारण बघणाऱ्याला वाटतं सगळं नीट आहे. पीळ फार घट्ट घातला तर तार तिथेच तुटायला येते, सैल राहिला तर इंजिनाच्या थरथरीने घासून झिजते. पोराने अर्ध्या तासात सहा वेळा केलं, काकांनी सहाही वेळा कटरने कापून टाकलं, तेही न बोलता. सातव्यांदा नुसतं हूं म्हणाले. वर सांगितलं की आम्हाला हे आरशात बघून करावं लागायचं, कारण विमानात बोल्ट अशा जागी असतो की हात जातो पण डोळा जात नाही.

मी स्वतः भोसरीत एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे, त्यामुळे मला हे बघून जरा लाज वाटली. आमच्याकडे एकदा महिन्याच्या शेवटी डिस्पॅचची घाई होती, मी एका लॉटचे आटे गेजने न तपासता रिपोर्टवर सही ठोकली, माल परत आला, शिव्या खाल्ल्या, विषय संपला. कोणी मेलं नाही. दहाचा पाना हरवणं तर आमच्याकडे रोजचंच आहे, पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये विचारा, दहाचा पाना कधीच जागेवर नसतो. काकांकडे टूलबोर्डवर प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली असायची, काम संपलं की आकृती रिकामी दिसता कामा नये, आणि एक पाना जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान उडत नाही, मग रात्रीचे दोन वाजूदेत नाहीतर स्वतः सीओ म्हणजे युनिटचा मुख्य अधिकारी येऊन उभा राहूदे. राहिलेला पाना कंट्रोलच्या दांड्यात अडकला की पायलटच्या हातात काही उरत नाही. आणि धावपट्टीवर पडलेला तुकडा काय करतो ते पॅरिसला २५ जुलै २००० ला दिसलं, दुसऱ्याच एका विमानाची पत्र्याची पट्टी पडलेली, कॉन्कॉर्डचं टायर तिच्यावरून गेलं, टायरचा तुकडा टाकीवर आपटला आणि ११३ माणसं गेली.

हे ट्रेनिंग म्हणजे पुस्तकातलं ज्ञान कमी आणि सवय जास्त. सवय म्हणजे काय ते दाखवायला मला नेहमी १९९० चं ब्रिटिश एअरवेजचं उदाहरण आठवतं. बर्मिंगहॅमहून निघालेल्या विमानाची पुढची काच हवेत उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, आतल्या लोकांनी त्याचे पाय धरून ठेवले, को-पायलटने विमान उतरवलं, कॅप्टन वाचला हे नशीब. उड्डाणाच्या २७ तास आधी, रात्रपाळीत काच बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ जाडीला किंचित बारीक होते, बाकीचे लांबीला कमी. बोल्ट बसवणारा नवशिका नव्हता, शिफ्टचा मॅनेजर होता, अनुभवी. त्याने जुना बोल्ट हातात धरून नजरेने जुळवून नवीन घेतले, मॅन्युअलमधला नंबर बघितला नाही. आणि ते काम दुसऱ्या कोणी तपासायचा नियमच नव्हता. आता सांगा, इतक्या वर्षांच्या माणसाची ही कथा, तर वर्ष-दोन वर्षांच्या पोराकडून आपण काय अपेक्षा करतोय?

म्हणून या धंद्यात खरी गोष्ट असते ती सही. हवाई दलात प्रत्येक विमानाचं फॉर्म ७०० नावाचं दफ्तर असतं. उड्डाणाच्या आधी इंजिनवाला, एअरफ्रेमवाला म्हणजे सांगाडा बघणारा, इलेक्ट्रिकलवाला, इन्स्ट्रुमेंटवाला, वेपनवाला आपापल्या कामाखाली सह्या करतात, मग पायलट ते बघून स्वतः सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. पायलट काही पॅनल उघडून बघत नाही, त्याचा भरवसा त्या सह्यांवर. काका म्हणतात पाना फिरवायला तीन महिन्यांत शिकवता येतं, पण अमुक विमानावर याची सही चालेल असं साहेब म्हणायला काही वर्षं जातात, आणि नवीन प्रकारच्या विमानावर बदली झाली की टेट्रा स्कूलमध्ये, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाचं ट्रेनिंग देणाऱ्या शाळेत, पुन्हा शाळकरी पोरासारखं बाकावर बसायचं.

आता चार वर्षांचा हिशोब मांडून बघू. बेसिक आणि ट्रेड मिळून वर्षभर धरून चालू. वर्षाला तीस दिवस रजा, म्हणजे चार वर्षांत चार महिने गेले. गार्ड ड्युटी, परेड, युनिटची बाकीची कामं असतातच. विमानाजवळ उरतात फार तर अडीच वर्षं, त्यातलं पहिलं वर्ष नुसतं धर, दे, पूस, बघ यात जाणार, ते तसंच गेलं पाहिजे. म्हणजे सीनियर लोक ज्या दिवशी म्हणायला लागतील की हा आता एकटा सोडला तरी चालेल, त्याच्या आसपास त्याची पाठवणी. शंभरातली पंचाहत्तर पोरं हवाई दलाने स्वतः शिकवायची आणि पिकायला आली की झाडावरून काढून द्यायची.

सिव्हिल एव्हिएशनचे स्वतःचे नियम बघा म्हणजे हा हिशोब माझ्या मनाचा नाही हे कळेल. नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या सीएआर-६६ या लायसन्सच्या नियमात मोठ्या टर्बाइन विमानाचं बी-१, म्हणजे दुरुस्तीवर सही करायचं लायसन्स हवं असेल तर परीक्षांचे मॉड्यूल पास करून वर अनुभव लागतो, आधीचं काही संबंधित टेक्निकल ट्रेनिंग नसेल तर पाच वर्षांचा, मान्यताप्राप्त संस्थेतला पूर्ण कोर्स केलेला असेल तर दोन वर्षांचा. कोर्स धरून तेही चारच्या घरात जातं. आणि एवढं करून एका विशिष्ट विमानावर सही करायला टाइप रेटिंग वेगळंच.

मग सरकारकडून उत्तर येतं की अग्निवीर बाहेर पडले की विमान कंपन्या घेतील. जून २०२२ मध्ये आंदोलनं पेटली तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने विमान दुरुस्तीच्या कामात अग्निवीरांना घेऊ असं जाहीर केलंच होतं, संरक्षण खात्याने पण आपल्या सार्वजनिक कंपन्यांत दहा टक्के जागा सांगितल्या. मागणी आहे हे खरं आहे, २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली, ही विमानं काय पायलट दुरुस्त करणार आहेत? नागपूरला मिहानमध्ये एमआरओ म्हणजे विमान दुरुस्ती केंद्र आहे, दुरुस्तीवरचा जीएसटी सरकारने १८ वरून ५ टक्क्यांवर आणलाय. काम येणार. पण दारात उभं राहिल्यावर तिथला माणूस विचारणार की लायसन्स कुठाय, मॉड्यूल किती झाले, कुठल्या तारखेला कुठल्या विमानावर कुठलं काम केलं ते लॉगबुकात दाखव. आणि आपला पोरगा डिस्चार्जचा कागद दाखवणार.

काकांचं हेच झालं. वीस वर्षं जेट इंजिन खोललं-लावलं, रिटायर झाल्यावर एका खाजगी विमान दुरुस्तीवाल्यांकडे गेले, तिथल्या पोरसवदा एचआरने विचारलं की सर, टास्क-वाइज एक्सपीरियन्स सर्टिफिकेट आहे का. नव्हतं. ते फॉर्म ७०० विमानाचं असतं, माणसाचं नसतं, वीस वर्षांच्या सह्या सगळ्या सरकारी कपाटात. शेवटी काकांनी नगर रोडला एका आयटी पार्कमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून नोकरी धरली. मला त्या नोकरीबद्दल काही म्हणायचं नाही, प्रामाणिक काम आहे, पण देशाने वीस वर्षं खर्चून बनवलेला इंजिनचा माणूस गेटवर डिक्की उघडा म्हणतोय हे कोणाला खटकत कसं नाही?

इथे लोक म्हणतात चार वर्षांची नोकरी हीच मुळात चूक, जुनी भरती आणा. मला तसं सरसकट वाटत नाही. अमेरिकेच्या हवाई दलात पण पहिला करार बऱ्याचदा चार वर्षांचाच असतो. फरक असा की तिथल्या कायद्यातच लिहिलंय, एअरफ्रेम किंवा पॉवरप्लांट म्हणजे इंजिन यांपैकी एकावर १८ महिन्यांचा अनुभव किंवा दोन्हीवर मिळून ३० महिन्यांचा अनुभव दाखवला की सिव्हिल मेकॅनिक सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येतं, आणि तो अनुभव लष्करातला असला तरी चालतो, त्याची कागदपत्रं कशी द्यायची हे सगळं ठरलेलं. १९७२ पासून त्यांचं हवाई दलाचं स्वतःचं कम्युनिटी कॉलेज आहे, ट्रेनिंगचे क्रेडिट तिथे जमा होतात. म्हणजे चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याच्या हातात बाहेरच्या जगाला वाचता येईल असा कागद असतो. आपल्याकडेही सीएआर-६६ मध्ये सिव्हिलबाहेरच्या दुरुस्तीचा अनुभव धरायची सोय आहे, फक्त वर काही काळ सिव्हिल विमानावर काम करून जोड द्यावी लागते. सोय आहे, रस्ता आहे, पण बेळगावला पहिल्या दिवशी पोराच्या हातात त्या रस्त्याचा नकाशा कोणी देत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की टेक्निकल ट्रेडच्या अग्निवीराचं लॉगबुक पहिल्या दिवसापासून त्याच्या स्वतःच्या नावाचं असावं, डीजीसीएला चालेल अशा नमुन्यात, प्रत्येक कामाखाली इंजिनिअरिंग ऑफिसरची सही. गुप्ततेचा मुद्दा लगेच येईल, येऊदे, त्यात सुखोईचं रडार कसं चालतं ते लिहायचं नाहीये, टर्बाइन इंजिनाचा बोरोस्कोप केला म्हणजे आत नळीचा कॅमेरा घालून बघितलं, हायड्रॉलिक पंप बदलला, एवढंच लिहायचंय, हायड्रॉलिक पंप प्रवासी विमानालाही असतो. मॉड्यूलच्या परीक्षा नोकरीत असतानाच देऊद्यात. आणि पंचवीस टक्क्यांचा आकडा सगळ्यांना एकच लावू नका. स्वयंपाकघरातला, ऑफिसातला, गार्डचा माणूस बदलणं आणि इंजिनवाला बदलणं सारखं नाही, विमानाला हात लावणाऱ्या ट्रेडमध्ये निम्मे तरी ठेवा, मला विचाराल तर त्याहून जास्त.

पेन्शनचं ओझं खरंच आहे, ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २०२५-२६ च्या बजेटमध्ये संरक्षण पेन्शनला १ लाख ६० हजार कोटींच्या वर लागले. पण दुसऱ्या बाजूचा खर्च कोणी मांडत नाही. २०१५ साली सुखोईच्या ताफ्यातली उडायला तयार विमानं ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपास होती आणि अपेक्षा ७५ टक्क्यांची, असं कॅगने दाखवलं होतं. त्यात सुट्या भागांची रड मोठी होती, मान्य. तरी जे विमान उडत नाही त्याचे पैसे आपण भरलेलेच असतात, आणि भाग आले तरी ते बसवायला सही करणारा हात लागतो. एका टेक्निशियनच्या पेन्शनमध्ये वाचवलेले पैसे हँगरमध्ये उभ्या विमानावर किती दिवसात उडतात हा हिशोब एखाद्या सीएने करून दाखवावाच.

लोहगावच्या आसपास राहणाऱ्यांना तर हे दिल्लीतल्या चर्चेसारखं लांबचं वाटायला नको. डिसेंबर २०११ मध्ये वाडे बोल्हाईजवळ सुखोई पडलं, १४ ऑक्टोबर २०१४ ला थेऊरजवळ दुसरं. दोन्ही वेळा पायलट वाचले. थेऊरच्या वेळी पायलटची सीट आपोआप बाहेर उडाल्याचं सांगितलं गेलं, मग दोनशेच्या आसपास सुखोई जवळजवळ महिनाभर जमिनीवर, आणि प्रत्येक विमानाच्या सीटची तपासणी. इजेक्शन सीट म्हणजे बुडाखाली स्फोटकं, ती तपासणारा माणूस किती वर्षांचा असावा असं तुम्हाला वाटतं?

या सगळ्यात आपला म्हणजे पुणेकरांचा पण वाटा आहे, तो सरकारवर ढकलता येणार नाही. आपल्याकडे हाताने काम करणारा म्हणजे इंजिनिअरिंगला नंबर न लागलेला. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यावर अख्खं शहर जेवतं, औंधच्या आयटीआयमधून निघालेल्या पोरांनी कारखाने उभे केले, तरी लग्नाच्या बायोडेटात 'फिटर' लिहायला लाज वाटते. हवाई दलाची पहिली तुकडी १९३३ मध्ये उभी राहिली तेव्हा तिच्यात सहा ऑफिसर आणि १९ हवाई सिपाही होते. ऑफिसर्सची नावं शोधली तर सापडतात, सिपायांची विचारा. त्यातले हरजिंदर सिंग इंजिनिअर असून सिपाही म्हणून भरती झाले आणि पुढे एअर व्हाइस मार्शल झाले. महायुद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला मोडून टाकलेली लिबरेटर बॉम्बर आपल्या लोकांनी ठाकठीक करून बंगळूरला उडवत नेली आणि ती हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरली. हे पाना फिरवणाऱ्यांनीच केलं.

भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्यांचं तर विचारूच नका. भाच्याबरोबर मी एका ठिकाणी गेलो होतो, बाहेर फ्लेक्सवर राफेल, आत एक ट्रॅकसूट घातलेला काउन्सेलर. १.६ किलोमीटर सात मिनिटांत, इंग्लिश-फिजिक्स-मॅथ्सचा पेपर, चुकीला पाव मार्क कट, हे सगळं त्याला पाठ. ट्रेड कोण ठरवतं विचारलं तर म्हणाला तुम्ही टेक्निकल टिक करा, होऊन जाईल. ट्रेड हवाई दल देतं, पोराच्या आवडीवर नाही. चार वर्षांनी काय विचारलं तर म्हणाला, डायरेक्ट एअरलाइन, सर. सीएआर-६६ हा शब्द त्याने ऐकलेलाच नव्हता. महिन्याची फी मात्र आधी.

अग्निवीरवायूंची पहिली बॅच २०२२ च्या डिसेंबरात बेळगावला दाखल झाली, म्हणजे २०२६ संपताना त्यांची चार वर्षं भरतात. त्यातली किती पोरं कुठल्या हँगरमध्ये दिसतात हे मोजायला कोणी बसलंय का, हे मला बघायचंय.

भाचा फॉर्म भरणार आहे, मी अडवलं नाही. ताईला सांगितलं की डिप्लोमाचा रिझल्ट आधी हातात येऊदे आणि मॉड्यूलचा सिलॅबस त्याच्या बॅगेत असूदे, मग जाऊदे. रविवारी तो बोहरी आळीत जाऊन अर्धा किलो बारीक स्टेनलेस तार घेऊन आला, दुकानदाराने विचारलं कशाला, तर हा म्हणाला प्रॅक्टिसला. आता आमच्या घरातल्या गॅसच्या शेगडीचे, कुलरचे आणि माझ्या ॲक्टिव्हाच्या नंबरप्लेटचे बोल्ट सगळे लॉकवायर झालेत. नंबरप्लेटची तार काकांनी काल परत कापली, उलट्या दिशेने होती.